भुजा कुठल्या आणि दांडा कुठला?

“मामा, अलकनंदा म्हणजे मधे दांडा सापडलेली दीर्घिका ना?” म्हापशाच्या भाचीने परवा विचारलं. नाही, त्या दोन वेगळ्या. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचा अफाट समूह; सर्पिल दीर्घिकेत ताऱ्यांचे जे पट्टे वळत बाहेर जातात त्या भुजा, आणि केंद्रातून आरपार जाणारा ताऱ्यांचा सरळ पट्टा म्हणजे दांडा. घोळाला आपली परिभाषाही थोडी जबाबदार आहे. मराठीत काही ठिकाणी दांडा असलेल्या दीर्घिकेला ‘भुजायुक्त सर्पिल’ लिहितात, आणि भुजा तर साध्या सर्पिल दीर्घिकेलाही असतात! मी ‘दंडयुक्त’च म्हणतो.

अलकनंदा पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांना जेम्स वेब दुर्बिणीच्या प्रतिमांत सापडली. 2025 मध्ये ती जगापुढे आली. महास्फोटानंतर 1.5 अब्ज वर्षांनी ती जशी होती, तशी आपल्याला दिसते. तिची ओळख म्हणजे दोन ठसठशीत भुजा, आणि त्यांत अबोलीच्या गजऱ्यात फुलं गुंफावीत तसे ताऱ्यांचे पुंजके.

दांडावाली ती सीअर्स-2112. लुका कोस्टँटिन यांच्या गटाने ती 2023 मध्ये जाहीर केली. महास्फोटानंतर सुमारे 2.1 अब्ज वर्षांनंतरची.

फरक नुसत्या आकाराचा नाही. संध्याकाळी मांडवीच्या पुलावर गाड्या तुंबतात, तेव्हा प्रत्येक गाडी हळूहळू पुढे निघून जाते, कोंडी मात्र राहते. अलकनंदेसारख्या सुघड भुजा बऱ्याचदा अशाच असतात असं मानतात: तारे आणि वायू आत शिरतात, बाहेर पडतात, दाटीत वायू दाबला जाऊन नवे तारे पेटतात. दांड्यातले तारे मात्र दांड्यातच राहतात. त्यांच्या कक्षाच लांबट होऊन एका दिशेने जुळलेल्या असतात. असा दांडा वायूला केंद्राकडे ढकलतो, म्हणून दीर्घिकेचं पुढचं आयुष्य त्याच्यामुळे बदलतं.

मला खरं नवल वाटतं ते दांड्याचं. त्याला दीर्घिकेची चपटी तबकडी शांत, शिस्तीत फिरणारी लागते. कोवळ्या विश्वातल्या दीर्घिका खळबळत्या, म्हणून दांडे खूप उशिरा आले असावेत असा अंदाज होता. सीअर्स-2112 ने तो मोडला. आपल्या आकाशगंगेलाही दांडा आहेच.

भाचीला मग एनजीसी 1365 या दंडयुक्त दीर्घिकेचा फोटो दाखवला. भुजा कुठून फुटतात ते बघ, एवढंच सांगितलं. तिने दांड्याच्या एका टोकावर बोट ठेवलं, मग दुसऱ्या.