टाकीतला समुद्र किती खारट असावा?

प्रवाळ नसलेल्या, केवळ मासे ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीची क्षारता किती असावी, या प्रश्नाला मत्स्यपालकांकडून सहसा दोन उत्तरे मिळतात. समुद्रात असते तेवढी, म्हणजे दर हजारी ३५ (एक किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार), असे काहीजण सांगतात. माशांना थोडे कमी खारे पाणी चालते, किंबहुना तेच बरे, असे इतरांचे म्हणणे असते. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, मात्र दुसऱ्या उत्तराला जी कारणे जोडली जातात ती सगळीच तपासात टिकत नाहीत.

क्लाउनफिश, डॅमसेल, टँग यांसारख्या अस्थिमत्स्यांच्या, म्हणजे हाडांचा सांगाडा असलेल्या माशांच्या, रक्तातील क्षारांचे प्रमाण समुद्राच्या पाण्याच्या सुमारे एक तृतीयांशच असते. त्यामुळे परासरणाच्या नियमानुसार (पाणी कमी खाऱ्या बाजूकडून जास्त खाऱ्या बाजूकडे जाते) त्यांच्या शरीरातील पाणी कल्ल्यांवाटे सतत बाहेर पडत राहते, आणि चहूबाजूंना पाणी असूनही या माशांना शरीर कोरडे पडण्याचा धोका कायम असतो. ही तूट भरून काढण्यासाठी ते समुद्राचे पाणी पितात. प्यायलेल्या पाण्यातील सोडियम आणि क्लोराइड आतड्यातून रक्तात शिरतात, त्यांच्या मागोमाग पाणीही शोषले जाते, आणि मग हे जादा क्षार कल्ल्यांतील खास पेशी ऊर्जा खर्चून पुन्हा बाहेर टाकतात. मॅग्नेशियम आणि सल्फेट यांची विल्हेवाट लावण्याचे काम मूत्रपिंडाकडे असते. मूत्र अगदी थोडे तयार होत असल्याने पाण्याची बचतही होते. बाहेरचे पाणी थोडे कमी खारे असेल, तर या सगळ्या यंत्रणेवरचा भार तेवढाच हलका होतो. म्हणूनच दर हजारी ३० च्या आसपास असे मासे सहसा व्यवस्थित राहतात. शार्क आणि पाकट यांना मात्र हा हिशेब लावू नये. ते रक्तात युरिया साठवून शरीरातील द्रावणाची तीव्रता समुद्राच्या बरोबरीने राखतात, त्यामुळे बाहेरची क्षारता उतरली की पाणी त्यांच्या शरीरात शिरू लागते.

कमी क्षारतेच्या बाजूने आणखी दोन कारणे पुढे केली जातात. पहिले ऑक्सिजनचे. कमी खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन अधिक विरघळतो हे खरे, पण २५ अंश सेल्सिअस तापमानाला दर हजारी ३५ आणि ३० या पाण्यांतील फरक जेमतेम तीन टक्के भरतो. पाणी दोन अंशांनी थंड ठेवले तरी जवळपास तेवढाच लाभ होतो, आणि पृष्ठभागावर पाण्याची चांगली हालचाल ठेवणे त्याहून महत्त्वाचे. दुसरे कारण परजीवींचे. माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणणारा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी कमी क्षारतेत मरतो, हे ऐकून अनेकजण टाकी १.०२० विशिष्ट गुरुत्वावर (शुद्ध पाण्याच्या तुलनेतील घनतेवर) आणून निश्चिंत होतात. प्रत्यक्षात या उपचारासाठी पाणी सुमारे १.००९ पर्यंत, म्हणजे दर हजारी १२ च्या आसपास उतरवावे लागते आणि कित्येक आठवडे तिथेच अचूक राखावे लागते. तो उपचार वेगळ्या टाकीत करायचा असतो. १.०२० वर परजीवीचे काहीच बिघडत नाही.

कमी क्षारतेने मीठ वाचते, हे मात्र निर्विवाद. पण त्या बचतीबरोबर इतरही गोष्टी पातळ होतात. दर हजारी ३५ चे पाणी ३० वर आणले, की पाण्याचा सामू (pH) सावरून धरणाऱ्या बायकार्बोनेटचेही प्रमाण एक सप्तमांशाने घटते. शिवाय ‘फक्त मासे’ म्हटल्या जाणाऱ्या टाकीत शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी, एखादी कोळंबी आणि जिवंत खडकातले (सजीवांसह टाकीत ठेवलेल्या सागरी खडकातले) असंख्य किडे असतातच; अस्थिमत्स्यांसारखी क्षार नियंत्रित करणारी यंत्रणा त्यांतील बहुतेकांकडे नसते. माझ्या मते कायमस्वरूपी टाकीसाठी दर हजारी ३० ही खालची मर्यादा मानावी आणि ३२ ते ३५ यांमधील एखादा आकडा निवडून तो टिकवावा. २५ अंशांना दर हजारी ३५ म्हणजे सुमारे १.०२६ आणि ३० म्हणजे सुमारे १.०२३ विशिष्ट गुरुत्व.

निवडलेला आकडा खरोखरच टाकीत आहे का, हा प्रश्न अधिक अवघड आहे. हलत्या काट्याच्या स्वस्त हायड्रोमीटरमध्ये (पाण्याची घनता मोजणाऱ्या उपकरणात) काट्याला हवेचा एक बुडबुडा चिकटला तरी काटा वर उचलला जातो आणि पाणी आहे त्याहून खारे भासते; आधीच्या मोजणीनंतर वाळलेले मीठ काट्यावर राहिले असेल, तर चूक उलट दिशेने होते. पाण्यात प्रकाश किती वाकतो यावरून क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर अधिक भरवशाचा, पण बाजारातील अनेक रिफ्रॅक्टोमीटर मुळात साध्या मिठाच्या द्रावणासाठी बनवलेले असतात. समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम आणि पोटॅशियमही असल्याने ते प्रकाश किंचित वेगळा वाकवते, आणि दर हजारी ३५ चे पाणी अशा उपकरणात साधारण ३६.५ दिसते. म्हणून केवळ शुद्ध पाण्यावर शून्य जुळवून थांबू नये. दर हजारी ३५ च्या प्रमाणित द्रावणावर उपकरण तपासावे. (खुल्या समुद्रात या घटकांचे परस्परप्रमाण जवळजवळ सर्वत्र सारखेच असते, हे रसायनशास्त्रज्ञ विल्यम डिटमार यांनी ‘चॅलेंजर’ जहाजाच्या सागरी संशोधन मोहिमेत गोळा केलेल्या ७७ नमुन्यांवरून १८८४ मध्ये दाखवले. स्वयंपाकाचे मीठ टाकीला का चालत नाही, याचेही उत्तर त्यातच आहे.)

टाकीतले पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. २०० लिटरच्या टाकीतून १० लिटर पाण्याची वाफ झाली, तर दर हजारी ३५ ची क्षारता ३६.८ च्या पुढे जाते. ही भर नेहमी क्षारविरहित गोड्या पाण्याने घालावी, आणि शक्यतो रोज थोडी थोडी. काठावर साचणाऱ्या पांढऱ्या पापुद्र्यातून थोडे मीठ टाकीबाहेरही जाते, त्यामुळे अंदाजावर न विसंबता मोजत राहणे भाग असते.

क्षारता बदलायची असेल तर दिशा लक्षात घ्यावी लागते. ती उतरणे अस्थिमत्स्य बऱ्यापैकी सहन करतात. एकदम वाढली तर शरीरातील पाणी झपाट्याने निघून जाते आणि मासा दगावू शकतो. विक्रेते अनेकदा मासे कमी क्षारतेत ठेवतात, म्हणून नवा मासा आणल्यावर आधी पिशवीतील पाणी मोजावे. त्यात आणि टाकीत मोठा फरक आढळला, तर मासा वेगळ्या टाकीत पिशवीतल्याच क्षारतेला ठेवून ती दिवसाला दर हजारी एक-दोन इतक्या संथपणे वाढवत न्यावी.