‘द लायन स्लीप्स टुनाइट’ हे निनावी लोकगीत नाही

ही आफ्रिकेतली परंपरागत चाल, असं अजूनही सांगितलं जातं. चूक. त्याचं मूळ ‘म्बुबे’, म्हणजे झुलू भाषेत सिंह, हे गाणं दक्षिण आफ्रिकेतले गायक सॉलोमन लिंडा यांचं. १९३९ मध्ये जोहान्सबर्गला ‘इव्हनिंग बर्ड्स’ या आपल्या गायकगटासह त्यांनी ते ध्वनिमुद्रित केलं. तबकडीवरून ऐकताना अमेरिकी लोकगायक पीट सीगर यांच्या कानी त्यातल्या ‘उयिम्बुबे’चं ‘विमोवे’ झालं आणि द वीव्हर्स या त्यांच्या गटाने तेच गायलं. १९६१ मध्ये द टोकन्स या अमेरिकी गटासाठी इंग्रजी शब्द आले आणि ते ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ झालं. पण त्यातल्या ‘इन द जंगल’ या ओळीची लाडकी चाल? ती मूळ तबकडीच्या शेवटाकडे लिंडांच्याच उंच आवाजात ऐकू येते, जरूर ऐका. गाण्यावर लोकगीताचा शिक्का बसला आणि लिंडांचं मानधन मात्र बुडालं. १९६२ मध्ये ते गरिबीतच वारले. वारसांना तडजोडीतून न्याय मिळायला २००६ उजाडलं.