पुठ्ठ्याचे शोभेचे डबे

पुठ्ठा कापून, जोडून, वरून रंगीत कागद नाहीतर कापड चिकटवून घरीच हाताने बनवलेले डबे, डब्या, पेनस्टँड, बांगड्यांचे स्टँड, पत्रं आणि बिलं खोचून ठेवायचे होल्डर वगैरे. महाराष्ट्रात हे शाळेत कार्यानुभवाच्या तासाला, लग्नात रुखवतावर, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून आणि दिवाळीच्या आधी गिफ्ट पॅकिंगच्या निमित्ताने असं सगळीकडे दिसतं. बहुतेक लोक याला टाकाऊतून टिकाऊ म्हणून मोकळे होतात, पण मुळात ही बाइंडरची कला आहे. वह्या-पुस्तकं बांधणाऱ्याकडे जे सामान आणि जी हातोटी असते तीच इथे लागते, आणि डबा चांगला जमला की नाही हे लेस-टिकल्यांवरून नाही, झाकण कसं बसतं त्यावरून कळतं.

पुठ्ठा आणि कागद

घरात सहज सापडणारा पुठ्ठा म्हणजे कुरिअरच्या खोक्याचा, मधे नागमोडी थर असलेला. असा नागमोडी कागद 1856 साली इंग्लंडमध्ये पेटंट झाला तो उंच हॅटच्या आतल्या अस्तरासाठी, पॅकिंगला वापरायचं पेटंट अमेरिकेत अल्बर्ट जोन्सने 1871 मध्ये घेतलं, म्हणजे बाटल्या आणि दिव्याच्या काचा फुटू नयेत म्हणून. हा पुठ्ठा हलका आणि मजबूत असतो, पण कापलेल्या कडेला त्याची भोकं दिसतात आणि वरून पातळ कागद लावला की आतल्या रेघा उमटतात, त्यामुळे मोठ्या खोक्यांना, मखराला ठीक, नाजूक डबीला नाही. (2018 च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात प्लास्टिक-थर्माकोलवर बंदी आली त्यानंतर गणपतीच्या मखरांमध्ये याच पुठ्ठ्याला एकदम भाव आला.)

डब्यासाठी खरा कामाचा तो ग्रे बोर्ड, रद्दी कागदापासून बनलेला, वहीच्या जाड कव्हरच्या आत असतो तो. लहान डबीला दीड मिमी, मध्यम डब्याला 2 मिमी, आणि दागिन्यांची पेटी वगैरे करायची असेल तर 3 मिमी. याच्याहून जाड घेतला की कटर घसरतो आणि बोटावर येतो. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा याहून बराच पातळ असतो, तो घड्या घालून उभे करायच्या डब्यांना चांगला. गोल काही करायचं असेल तर कापड दुकानातून ताग्याच्या आतली पुठ्ठ्याची नळी मागून आणायची, बहुतेक दुकानदार फुकट देतात, आणि ती करवतीने कापली की पेनस्टँड आणि बांगड्यांचा स्टँड दोन्ही अर्धे झालेच.

वरच्या कागदात मात्र भरपूर निवड आहे. शाळेच्या पिढ्यानपिढ्या घोटीव कागद आणि मार्बल पेपरवर गेल्या, आता गिफ्ट पेपर, क्राफ्ट पेपर, छापील डिझाइनचे हातकागद मिळतात. पुण्यात अप्पा बळवंत चौक आणि रविवार पेठेतली बोहरी आळी, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट इथे एका फेरीत सगळं होतं. हातकागदाशी तर महाराष्ट्राचं जुनं नातं आहे, जुन्नरचा कागद एके काळी नावाजलेला होता, दौलताबादजवळ कागजीपुरा आणि पुण्याच्या कसब्यात कागदीपुरा ही वस्त्यांची नावंच कागद करणाऱ्यांवरून पडलीत, आणि पुण्यात शिवाजीनगरला 1940 पासून हातकागद संस्था आहे. सुती चिंध्यांपासून केलेला हा कागद कोपऱ्यावर घडी घालताना फाटत नाही, चकचकीत गिफ्ट पेपर मात्र नेमका तिथेच पांढरा पडतो, म्हणून चार पैसे जास्त गेले तरी हातकागदच घ्यावा.

मापं

इथेच बहुतेकांचं फसतं. समजा 12 × 12 सेंमीचा, 6 सेंमी उंच भिंतींचा डबा 2 मिमी पुठ्ठ्यात करायचाय. तळ 12 × 12 कापला, भिंती तळावर उभ्या करायच्यात, तर चारही भिंती 12 सेंमीच्या कापून चालत नाही कारण पुठ्ठ्याला स्वतःची जाडी आहे; दोन भिंती 12 च्या आणि समोरासमोरच्या दुसऱ्या दोन 11.6 च्या, म्हणजे त्या पहिल्या दोघींच्या मधे बरोबर बसतात. सगळं जोडल्यावर बाहेरची उंची 6.2 भरते. आता वरून घालायचं झाकण. आतून 12 सेंमीचंच केलं तर ते कधीच बसणार नाही, कारण डब्यावर कागद चढणार, झाकणाच्या आतही चढणार, आणि शिवाय हवेला जायला जागा हवी. साध्या कागदाला एकूण 3 मिमी, जाड हातकागद किंवा खणाचं कापड लावणार असाल तर 4 मिमी सैल धरायचं. म्हणजे साध्या कागदाच्या डब्याला झाकण आतून 12.3, आणि झाकणाच्या भिंतीही 2 मिमीच्याच, म्हणून झाकणाचा वरचा चौकोन 12.7 सेंमीचा. झाकण वरून ठेवलं की स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली उतरलं पाहिजे, दाबायला लागलं तर घट्ट, खडखडलं तर सैल. डबा पूर्ण झाल्यावर, कागद लावून वाळल्यावर मगच झाकणाची मापं घ्यावीत असं जुने बाइंडर सांगतात आणि ते शंभर टक्के बरोबर आहे, कागदावर आधीच काढलेल्या मापांवर विश्वास ठेवू नये.

कापायला स्टीलची पट्टी, कटर आणि गुण्या, बस. एका दमात कापायला जायचं नाही, तीन-चार हलके हात मारायचे. काटकोन नसेल तर पुढे काहीही केलं तरी डबा तिरकाच दिसतो. घडी जिथे घालायची तिथे रिफिल संपलेल्या बॉलपेनने पट्टी धरून दाबून रेघ मारून घ्यायची, मग घडी सरळ पडते आणि पुठ्ठ्याचा वरचा थर तडकत नाही. भिंती चिकटवल्यावर कोपऱ्यांवर बाहेरून पातळ कागदाची किंवा जुन्या सुती कापडाची पट्टी लावतात, ती वरच्या कागदाखाली दिसत नाही पण डब्याचा सगळा जीव तिच्यात असतो.

भिंतींवरचा कागद एकाच लांब पट्टीत लावावा. आपल्या डब्याचा घेर 48 सेंमी, त्यात दीड सेंमी एकावर एक चढवायला, आणि रुंदीला 6.2 मधे वर-खाली दीड-दीड मिळवून 9.2. वरची दीड सेंमी आत दुमडते, खालची तळाखाली. तळाखाली दुमडताना कोपऱ्यात जादा कागद चिमटीत येतो तो तिरका कापून टाकायचा, नाहीतर डबा टेबलावर डुगडुगतो.

खळ की फेव्हिकॉल

फेव्हिकॉल 1959 पासून बाजारात आहे, आणि आज घरात पहिल्यांदा हात जातो तो त्याच्याकडेच. पुठ्ठ्याला पुठ्ठा जोडायला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. पण मोठा कागद पसरून लावायचा असेल तर तो फार लवकर धरतो, कागद एकदा तिरका टेकला की सरकवता येत नाही. अशा वेळी मैद्याची खळ बरी, जी बाइंडर लोक वर्षानुवर्षं वापरतात, मैदा थंड पाण्यात गुठळी न राहता कालवायचा, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा आणि गार करून ब्रशने लावायचा. ही खळ ओली असेपर्यंत कागद इकडे-तिकडे सरकवता येतो. चिंचोक्याचीही खळ करतात, ती जास्त चिवट असते, घोंगड्यांना लावतात तीच. बरेच जण मधला मार्ग काढतात आणि खळीत थोडा फेव्हिकॉल मिसळतात, तेही चालतं.

खळीला कसर आणि झुरळं लागतात म्हणून बाइंडर त्यात चिमूटभर मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे, त्यामुळे मुलांच्या हस्तकलेत आणि खाऊच्या डब्याला ते अजिबात नको. तिथे सरळ फेव्हिकॉलच वापरावा आणि आतून बटर पेपर लावावा.

डबा वाकडा का होतो

रात्री छान सपाट ठेवलेलं झाकण सकाळी वरून खोलगट झालेलं असतं, हा अनुभव सगळ्यांनाच येतो. कारण असं की गिरणीत कागद बनताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेला आडवे पडतात. कागद ओला झाला की तो तंतूंच्या आडव्या दिशेला फुगतो, आणि वाळताना आकसतो तेव्हा खालच्या पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढून घेतो. उपाय दोन. एक तर पुठ्ठा आणि कागद दोघांचे तंतू एकाच दिशेला ठेवायचे, आणि दुसरं म्हणजे बाहेर कागद लावला तसा आतूनही लावायचा म्हणजे दोन्हीकडून सारखी ओढ बसते. तंतूंची दिशा ओळखायला पुठ्ठा दोन्ही बाजूंनी हलका वाकवून बघायचा, ज्या बाजूने सहज वाकतो त्या वाकाच्या रेघेला समांतर तंतू. मग वाळेपर्यंत वर जाड पुस्तकांचं वजन, निदान एक रात्र. पंख्याखाली किंवा उन्हात वाळवायला ठेवलं तर हे सगळं केलेलं वाया जातं.

पत्रिका, काडेपेट्या आणि रुखवत

मराठी घरात डब्यासाठी सगळ्यात जास्त वापरला जाणारा कागद बहुतेक लग्नपत्रिकेचा असेल. जाड, छान छापलेला, सोनेरी बॉर्डर असलेला, आणि वर गणपतीचं चित्र असल्यामुळे रद्दीत टाकायला हात धजत नाही. त्या मग कपाटात साठत जातात आणि कधीतरी त्यांची आहेराची पाकिटं, चांदीच्या नाण्याच्या डब्या, तिळगुळाची खोकी होतात. गणपती कापून झाकणाच्या मध्यावर येतो, नावं-तारखा-मुहूर्त आतल्या बाजूला जातात. एका घरातली अशी डबी उघडली तर आत कुणाच्या तरी लग्नाचा पत्ता वाचायला मिळतो.

काडेपेट्यांचं ड्रॉवर हा शाळेतला ठरलेला प्रकार, सहा किंवा आठ रिकाम्या काडेपेट्या एकावर एक चिकटवून बाहेरून एकच कागद गुंडाळायचा आणि प्रत्येक खणाला मणी ओवून हँडल. सुया, बटणं, टिकल्यांची पाकिटं यात राहतात. लहान मुलाला पहिल्यांदा शिकवायला याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही कारण मापं काडेपेटीवाल्यानेच घेऊन ठेवलेली असतात.

रुखवताचं प्रकरण मात्र वेगळं. मुलीकडच्या बायका, आत्या-मावश्या-काकू मिळून महिनाभर आधीपासून बसायच्या, आणि लग्नात ते टेबलावर मांडलं की येणारी प्रत्येक बाई उचलून, झाकण उघडून बघणार. त्यामुळे इथे कामात सफाई लागायची. मंगळसूत्राची पेटी, बांगड्यांचा स्टँड, सुपारीची सजवलेली डबी, सप्तपदीचा सेट हे नेहमीचे. हल्ली रेडिमेड रुखवत विकत किंवा भाड्याने मिळतं, त्यात चमक भरपूर असते पण बऱ्याच डब्यांचं झाकण नुसतं वर ठेवलेलं असतं, बसत नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवाला वाण लुटायचं म्हणजे एकसारख्या पंचवीस-तीस डब्या लागतात, तिथे एकेक मोजत बसलं तर होत नाही, आधी जाड पुठ्ठ्याचा एक साचा कापून घ्यायचा आणि त्याभोवती पेन्सिल फिरवत जायची.

लगद्याचे आणि घडीचे

रद्दी दोन-तीन दिवस भिजवून, कुटून, त्यात मेथीचं पीठ मिसळून त्या लगद्याने टोपल्या-परड्या लिंपायची किंवा पातेल्यावर थापून वाडगे करायची पद्धत जुन्या घरांमधून होती. मेथीने लगदा चिकट होतो आणि वाळल्यावर कडक राहतो. कागदाच्या लगद्याचं सगळ्यात नावाजलेलं काम काश्मीरचं, तिथे साच्यावर लगदा किंवा कागदाचे थर चढवतात, वाळल्यावर कापून साचा काढून घेतात, परत जोडतात, घासून गुळगुळीत करतात आणि मग नक्काश त्यावर फुलं-पानं रंगवून वरून वॉर्निश देतो. या कलेला तिथे कार-ए-कलमदानी असंही म्हणायचे कारण सुरुवातीला यातून लेखण्या ठेवायच्या पेट्याच जास्त बनायच्या. आज बाजारात काश्मिरी म्हणून मिळणाऱ्या स्वस्त डब्यांमध्ये आत लगदा नसून लाकूड नाहीतर तयार पुठ्ठा असतो, रंगकाम तेवढं हाताचं.

घडीच्या डब्यांना गोंदच लागत नाही. ओरिगामीतला मासू नावाचा चौकोनी डबा पाच मिनिटांत होतो, 15 सेंमीच्या चौकोनी कागदातून साधारण 5.3 सेंमीचा तळ आणि 2.65 सेंमी उंची मिळते. झाकणासाठी तसाच दुसरा, पण कागद 4 मिमी मोठा घ्यायचा, तेवढ्याने झाकण जेमतेम दीड मिमी मोठं होतं आणि नेमकं बसतं. मराठी वाचकांना ओरिगामीची ओळख अनिल अवचटांमुळे बरीच झाली, ते स्वतः कागद घेऊन बसायचे आणि समोरच्याला शिकवायचे.

टिकाऊपणा आणि विक्री

पावसाळा या डब्यांचा शत्रू. कोकणात तर जून ते सप्टेंबर पुठ्ठा ओलावा धरतो, झाकण घट्ट होतं, आतल्या कोपऱ्यात बुरशीचे ठिपके येतात. बाहेरून वॉर्निशचा किंवा पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचा पातळ हात दिला तर बराच फरक पडतो, आणि डबा भिंतीला टेकवून ठेवायचा नाही.

बचत गटांच्या बायका हे डबे महालक्ष्मी सरस, भीमथडी जत्रा अशा प्रदर्शनांमधून विकतात. अडचण किमतीची आहे. डब्याला पुठ्ठा-कागद फार लागत नाही, पण कापण्यापासून वाळवण्यापर्यंत दीड-दोन दिवस जातात आणि गिऱ्हाईक तुलना करतं ती मशीनवर छापून-कापून आलेल्या खोक्याशी. म्हणून आता बऱ्याच जणी आधी डबे करून ठेवत नाहीत, लग्नाची किंवा मुंजीची ऑर्डर आली की पत्रिकेच्या रंगाला मॅच होणारा कागद आणून, वर नाव-तारीख घालून तेवढेच करतात, निम्मे पैसे आगाऊ घेऊन.