परवानगीचा कुत्रा आणि हक्काचा कुत्रा

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या मर्फी अव्हेन्यूवर शनिवारी दुपारी चक्कर मारली तर टेबलांखाली कुत्री पसरलेली दिसतात. २०२० मध्ये कोविडमुळे या छोट्या रस्त्यावरच्या गाड्या बंद झाल्या, हॉटेलांनी टेबलं थेट रस्त्यात मांडली आणि पुढे तो रस्ता चालणाऱ्यांचाच राहिला. कुत्रेवाल्यांची चंगळ झाली. आता समजा, शेजारशेजारच्या दोन टेबलांखाली दोन लॅब्रडोर आहेत. दोघंही शांत, दोघांच्याही गळ्यात पट्टा. ऊन चढलं म्हणून दोन्ही टेबलांवरचे लोक आत बसायचं म्हणाले, तर एका लॅब्रडोरला आत घ्यावंच लागेल, आणि दुसऱ्याला आत घेतलं तर हॉटेलवाला राज्याचा अन्नकायदा मोडेल.

पहिला सर्व्हिस डॉग, म्हणजे अपंग माणसाच्या मदतीसाठी शिकवलेला, दुसरा घरचा लाडका. बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, आपल्या मंडळींमध्ये या दोघांची सरमिसळ होते, आणि मुलांकडे उन्हाळ्यापुरत्या आलेल्या आईबाबांमध्ये तर फारच. ‘अमेरिकेत हॉटेलात कुत्रे चालतात’ असं एक सरसकट वाक्य फोनवरून पुण्याला जातं. ते अर्धंच खरं आहे.

घरच्या कुत्र्याचं आधी बघू, कारण ते सोपं आहे. २०१४ संपेपर्यंत कॅलिफोर्नियात हॉटेलच्या बाहेरच्या टेबलांपाशीसुद्धा पाळीव कुत्रा आणणं राज्याच्या कायद्यात बसत नव्हतं. लोक आणत होतेच, हॉटेलवाले पाण्याचं भांडंही ठेवत होते, पण सगळं डोळेझाकीवर. मग राज्याच्या विधानसभेतल्या मारिको यामादा यांनी मांडलेलं एबी १९६५ क्रमांकाचं विधेयक मंजूर झालं आणि १ जानेवारी २०१५ पासून बाहेरच्या जागेत कुत्रा आणायला वाट मिळाली. वाट म्हणजे सक्ती नव्हे. हॉटेलवाल्याची इच्छा असेल तर त्यानं घ्यावा, नसेल तर नको म्हणावं, त्याला कारणही द्यावं लागत नाही. शिवाय एखाद्या शहरानं किंवा काउंटीनं आपल्या हद्दीत बंदी घातली तर तीही चालते.

त्या कायद्यातल्या अटी वाचल्या की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. बाहेरच्या टेबलांकडे जायला वेगळी वाट हवी. कुत्र्याला हॉटेलातून मिरवत नेऊन मागच्या अंगणात बसवता येत नाही. म्हणून मागच्या बाजूला झाडांखाली सुरेख बसायची जागा असलेली काही हॉटेलं कुत्र्याला नाही म्हणतात, आणि एल कमिनो रिआल या हमरस्त्यावर एखाद्या दुकानाच्या ओळीतलं, फुटपाथवर जेमतेम दोन टेबलं टाकलेलं डोशाचं हॉटेल खुशाल हो म्हणू शकतं. कुत्रा पट्ट्यानं बांधलेला किंवा त्याला न्यायच्या पिशवीत वा पिंजऱ्यात हवा. खुर्चीवर, बाकावर बसवायचा नाही. त्याला खायला-प्यायला द्यायचं तर एकदा वापरून टाकायच्या भांड्यातच. आणि वाढणाऱ्यानं ड्युटीवर असताना त्याला हात लावायचा नाही, लावलाच तर हात धुवायचे. हे शेवटचं कलम मला फार आवडतं, कारण इतक्या प्रेमानं मोडलं जाणारं दुसरं कलम माझ्या पाहण्यात नाही.

खायला देण्यावरून एक आठवलं. आपल्या पानातला तुकडा टेबलाखाली सरकवायची आपल्याला भारी हौस. पण कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवलेलेसुद्धा. म्हणजे भाजीच्या ग्रेव्हीत बुडवलेला नानचा तुकडा बाद. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट हेही नको. साधा भात किंवा कोरडी इडली चालेल. सांबार नाही.

आता दुसरा लॅब्रडोर. इथे हॉटेलवाल्याच्या मर्जीचा प्रश्नच संपतो, कारण हा नियम अन्नकायद्यातून आलेलाच नाही. तो आला अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यातून: अमेरिकन्स विथ डिसेबिलिटीज अॅक्ट, १९९०. त्याखालचे सुधारित नियम १५ मार्च २०११ पासून लागू झाले आणि त्यांनी व्याख्या आवळली. सर्व्हिस अॅनिमल म्हणजे कुत्राच, तोही एखाद्या अपंग व्यक्तीसाठी ठरावीक काम करायला शिकवलेला. (छोट्या जातीच्या घोड्यांसाठी वेगळं कलम आहे. एल कमिनोवरच्या बुफेत अजून तरी कुणी घोडा आणलेला मी पाहिला नाही.)

कळीचा शब्द ‘काम’. अंध माणसाला वाट दाखवणं हे आपल्याला पटकन सुचतं, पण कामांची यादी त्याहून खूप लांब आहे. ऐकू न येणाऱ्याला मागून कुणी हाक मारली की पंजानं सांगणं. मधुमेह्याची साखर उतरायला लागली की वासावरून ओळखून खूण करणं. फेफरं आलेल्या माणसापाशी थांबून मदत बोलावणं. चाकाच्या खुर्चीवरून पडलेल्या किल्ल्या उचलून देणं. युद्धावरून परतलेल्या सैनिकाला भीतीचा झटका येऊ लागला की अंगावर रेलून त्याला भानावर आणणं. यातली निम्म्याहून अधिक कारणं चेहऱ्यावर दिसत नाहीत. ‘हा माणूस तर धडधाकट दिसतोय’ हा आपला ठोकताळा तिथेच फसतो.

असा कुत्रा ग्राहक जिथे जिथे जाऊ शकतो तिथे तिथे जातो. आतल्या टेबलापाशी, बिलाच्या काउंटरपाशी, स्वतः वाढून घ्यायच्या बुफेच्या रांगेतसुद्धा. देशी हॉटेलांच्या दुपारच्या बुफेत हा प्रसंग नेमका येतो आणि मालकाच्या पोटात गोळा येतो: पदार्थ गरम ठेवायच्या चाफिंग डिश उघड्या, त्यांच्यासमोर कुत्रा, आरोग्य खात्याचा माणूस आला तर? आला तरी हरकत नाही. सर्व्हिस डॉगला ग्राहकांच्या जागेत अन्नकायद्यानंही सूट दिली आहे. स्वयंपाकघर मात्र त्यालाही बंद.

शेजारच्या टेबलावरच्या काकूंना कुत्र्याची भीती वाटते, किंवा कुणाला केसांची अॅलर्जी आहे, ही कारणंही चालत नाहीत. काकूंना लांबचं टेबल द्यायचं, कुत्र्याला बाहेर काढायचं नाही. काकूंच्या बाजूनं एक सांगायला हवं. ज्यांच्या लहानपणी कुत्रा म्हणजे रात्री सायकलमागे लागणारी टोळी, आणि चावला की पोटात चौदा इंजेक्शनं, त्यांची भीती नाटकी नसते. पण ती भीती आणि त्या माणसाचं अपंगत्व कायद्यानं एका पारड्यात ठेवलेलं नाही, आणि मला ते योग्य वाटतं.

मग दारात उभ्या असलेल्या पोरानं काय करायचं? त्याला दोनच प्रश्न विचारता येतात. अपंगत्वामुळे गरज म्हणून हा सर्व्हिस डॉग तुमच्याबरोबर आहे का? आणि याला कोणतं काम शिकवलं आहे? बस. कुठलं अपंगत्व, हे विचारायचं नाही. कागद मागायचा नाही. ‘करून दाखवा बरं’ म्हणायचं नाही. जादा पैसे लावायचे नाहीत. आणि अपंगत्व समोर उघड दिसत असेल तर हे दोन प्रश्नही नकोत.

कागद नाही, ही गोष्ट आपल्या मनाला काही केल्या पटत नाही. एसटीच्या सवलतीसाठीसुद्धा दाखला, दाखल्यावर शिक्का, त्याची झेरॉक्स. इथल्या कायद्यानं ते मुद्दाम टाळलं आहे. कुत्रा संस्थेतूनच शिकलेला हवा अशी अट नाही. माणूस स्वतः घरी शिकवू शकतो. मग प्रमाणपत्र देणार कोण? कॅलिफोर्नियातल्या काउंट्या सर्व्हिस डॉगसाठी बिल्ला देतात, पण तोही ज्याला हवा त्यानं घ्यायचा. इंटरनेटवर पैसे भरून मिळणारं ‘रजिस्ट्रेशन’ तर निव्वळ रंगीत कागद. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या लेखी त्याची किंमत शून्य.

जॅकेटचंही तेच. ‘सर्व्हिस डॉग’ लिहिलेलं लाल जॅकेट कुणालाही विकत मिळतं. खऱ्या सर्व्हिस डॉगच्या अंगावर ते असावं अशी सक्ती नाही आणि घरच्या कुत्र्याच्या अंगावर चढवलं म्हणून तो सर्व्हिस डॉग होत नाही. बे एरियात आणखी एक जॅकेट दिसतं, हिरवं: गाइड डॉग्ज फॉर द ब्लाइंड या संस्थेच्या पिल्लांचं. ही संस्था १९४२ मध्ये इथेच, लॉस गॅटोसला सुरू झाली आणि पुढे सॅन रफाएलला गेली. पिल्लांना गर्दीची, लिफ्टची, हॉटेलातल्या वासांची सवय व्हावी म्हणून स्वयंसेवक त्यांना गावभर हिंडवतात. ही शिकाऊ पिल्लं केंद्राच्या कायद्यात बसत नाहीत, पण कॅलिफोर्नियाचा कायदा शिकवणाऱ्या अधिकृत लोकांनाही कुत्र्यासह प्रवेशाचा हक्क देतो. म्हणजे हिरव्या जॅकेटातलं पेंगुळलेलं पिल्लू अजून कुठलंच काम करत नसलं तरी त्याला बाहेर काढायच्या फंदात पडू नये.

सगळ्यात जास्त गोंधळ मात्र तिसऱ्याचा आहे, इमोशनल सपोर्ट कुत्र्याचा. त्याच्या नुसत्या असण्यानं माणसाला धीर येतो, आणि त्या धीराला मी कमी लेखत नाही. पण असणं हे काम नव्हे. तोच कुत्रा झटका ओळखून ठरावीक कृती करायला शिकलेला असेल तर तो सर्व्हिस डॉग. जवळ बसल्यानं बरं वाटतं एवढंच असेल तर हॉटेलच्या दारात त्याची गणना पाळीव प्राण्यात. भाड्याच्या घराबाबत नियम निराळे असल्यामुळे डॉक्टरच्या पत्राला तिथे वजन असतं, आणि लोक तेच पत्र हॉटेलात फडकावतात. विमानातही पूर्वी ते चालायचं. जानेवारी २०२१ पासून विमान कंपन्यांवरचं ते बंधन गेलं. २०२२ पासून कॅलिफोर्नियात असं पत्र देण्याआधी त्या माणसाशी निदान तीस दिवसांचा उपचाराचा संबंध असायला हवा, अशी अट आली. हॉटेलात उपयोग त्याही पत्राचा नाही.

खोटं सांगणाऱ्याला शिक्षा आहे. आपला कुत्रा सर्व्हिस डॉग असल्याची जाणूनबुजून थाप मारणं हा कॅलिफोर्नियात गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत तुरुंग, हजार डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही. उलट बाजूनं, अपंग व्यक्तीला तिच्या कुत्र्यासकट दारातून परत पाठवलं तर राज्याच्या नागरी कायद्याखाली निदान चार हजार डॉलरची भरपाई मागता येते. हॉटेलवाले या दुसऱ्या आकड्याला घाबरून प्रश्न विचारायचंच सोडून देतात, म्हणून थापा खपतात. मग एखाद्या दिवशी थापेबाजाचा कुत्रा कुणाच्या ताटावर झेप घेतो, आणि त्यानंतर काळा चष्मा लावून येणाऱ्या बाईंकडे, त्यांच्या निमूट चालणाऱ्या कुत्र्याकडे संशयानं बघितलं जातं. कुत्र्याला घरी एकटं राहवत नाही म्हणून जॅकेट चढवणाऱ्या आपल्या ओळखीतल्या मंडळींना मला एवढंच विचारावंसं वाटतं, की बाहेर मर्फीवर एवढी टेबलं मांडलेली असताना आतच बसायचा हट्ट कशाला?

हक्काचा कुत्रा म्हणजे त्याला सातखून माफ, असंही नाही. तो भुंकत सुटला, कुणावर धावून गेला आणि मालक त्याला आवरत नसेल, किंवा त्यानं आत घाण केली, तर हॉटेलवाला त्याला बाहेर न्यायला सांगू शकतो. फक्त माणसाला ‘तुम्हीही चालते व्हा’ म्हणता येत नाही. कुत्र्याशिवाय तुम्ही बसा, तुम्हाला वाढतो, असं म्हणावं लागतं. खुर्चीवर बसवणं आणि टेबलावर खाऊ घालणं सर्व्हिस डॉगच्या बाबतीतही खपवून घ्यायची गरज नाही. लॅब्रडोरच असावा असं मात्र काही नाही. पिटबुल असू शकतो, आणि छातीशी बांधलेल्या झोळीतला चिवावाही साखरेचा वास घेत असू शकतो.

देशी किराणा दुकानांचं थोडक्यात: तीही अन्नकायद्याखालीच येतात, त्यामुळे ट्रॉलीत बसवलेलं गोंडस पिल्लू तिथे नियमाबाहेर. मर्फीवर शनिवारी सकाळी भरणारा शेतकरी बाजार जरा गमतीचा आहे. राज्याच्या कायद्यानं अशा बाजारात, जिथे माल मांडलेला किंवा ठेवलेला असतो तिथून वीस फुटांच्या आत पाळीव प्राणी आणायचा नाही. सर्व्हिस डॉगला सूट. म्हणजे सकाळी स्ट्रॉबेरीच्या टोपल्यांजवळ ज्याला मज्जाव, तोच कुत्रा बाजार उठल्यावर त्याच रस्त्यावरच्या टेबलाखाली, हॉटेलवाला हो म्हणाला तर, कायदेशीर ऐसपैस झोपतो.

पिण्याच्या जागांचा हिशेब आणखी वेगळा. वायनरीची किंवा बिअर बनवणाऱ्याची चाखायची खोली, जिथे क्रॅकर, प्रेटझेल किंवा न नासणाऱ्या पाकीटबंद खाण्यापलीकडे काही विकत नाहीत, ती राज्याच्या अन्नकायद्यात ‘अन्नाची जागा’ या व्याख्येतच येत नाही. म्हणून लिव्हरमोरच्या द्राक्षमळ्यांमध्ये अशा एखाद्या चाखायच्या खोलीच्या आतसुद्धा, थेट काउंटरपाशी, कुणाचा तरी घरचा कुत्रा दिसला तर दचकायचं कारण नाही. तिथे पुन्हा मालकाची मर्जी चालते. त्याच मालकानं उद्या आत भट्टी लावून पिझ्झा विकायला घेतला, की ती अन्नाची जागा झाली, आणि घरच्या कुत्र्याचं टेबल बाहेर लागलं.