चाकांची जागा आणि मोटारीचा वायुरोध

धावत्या मोटारीला हवा जो विरोध करते त्याला वायुरोध म्हणतात. साध्या प्रवासी मोटारीत या रोधाचा सुमारे चौथा हिस्सा चाके आणि मडगार्डच्या आतली पोकळी मिळून निर्माण करतात. म्हणून चाक बॉडीच्या किती आत वा बाहेर आहे आणि मागचे चाक पुढच्या चाकाच्या रेषेत आहे की नाही, यावर डिझेलचा खर्च काही अंशी ठरतो.

वायुरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. बंडीची चाके साट्याच्या बाहेरच असतात, पण ताशी 4 किमी वेगाला त्याने काही बिघडत नाही. 120 च्या वेगाला तोच आकार 900 पट रोध सोसेल. रोध गुणांक (गाडीचा आकार हवेला किती अडतो ते सांगणारा आकडा) 0.4, समोरचे क्षेत्रफळ 2.5 चौ. मी. आणि हवेची घनता 1.1 किग्रॅ प्रति घनमीटर धरली, तर गावातून तालुक्याला 40 च्या वेगाने निघालेल्या जीपगाडीवर जेमतेम 68 न्यूटन बल पडते. तीच गाडी समृद्धी महामार्गावर 120 ने धावली की बल 610 न्यूटनांवर जाते आणि नुसती हवा कापायला 20 किलोवॅट लागतात. त्यातले 5 किलोवॅट चाकांच्या वाट्याचे. मे महिन्यात 45 अंशांना हवा विरळ होते. डिसेंबरच्या 10 अंशांच्या पहाटेपेक्षा तिची घनता दहाव्या हिश्शाहून थोडी जास्तच घटते. त्यामुळे हिवाळ्यातले आणि उन्हाळ्यातले ॲव्हरेज शेजारी ठेवून चाकांबद्दल निष्कर्ष काढू नये.

टायर हा हवेच्या दृष्टीने बोथट ठोकळा आहे. गाडी 100 ने धावत असताना टायरचा रस्त्याला टेकलेला भाग क्षणभर स्थिर असतो, तर माथा 200 च्या वेगाने पुढे जात असतो. माथा मडगार्डखाली झाकलेला असणे म्हणूनच सर्वांत मोलाचे. खाली, टायर रस्त्याला टेकतो तिथे हवा चिमटली जाऊन दोन्ही बाजूंना फवाऱ्यासारखी सुटते आणि भोवरे तयार करते. बंपरखालून शिरलेली हवा बाहेरच्या बाजूला पसरत जाते, त्यामुळे पुढच्या चाकावर ती समोरून न येता आतून तिरपी आदळते. सरळ असलेले चाक हवेला वळवल्यासारखे भासते. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावरून आलेल्या गाडीच्या दारांवरचे चिखलाचे फराटे पाहावेत. चाकाने उडवलेला आणि हवेने मागे ओढलेला चिखल पुढच्या चाकामागचा खळबळीचा पट्टा बऱ्यापैकी दाखवतो.

टायरची बाहेरची बाजू मडगार्डच्या कडेशी जवळपास समपातळीत, किंचित आत, असणे उत्तम. चाक फार आत असेल तर बाजूने वाहणारी हवा पोकळीत कोसळते आणि मडगार्डच्या मागच्या कडेवर आपटते. बाहेर आले तर त्याहून वाईट. मागच्या दोन चाकांमधले अंतर पुढच्यापेक्षा कमी ठेवल्यास बॉडी मागे निमुळती करता येते: 1955 च्या सित्रोएन डीएसमध्ये ते पुढे 1500 आणि मागे 1300 मिमी होते. 1999 च्या होंडा इनसाइटमध्ये मागचे अंतर 110 मिमीने कमी होते, मागची चाके झाकण लावून झाकलेली होती, आणि रोध गुणांक 0.25 होता.

ही रचना डांबरी रस्त्याची आहे. ओल्या पांदणीत मागची चाके पुढच्यांच्या चाकोरीत चालली नाहीत तर दोनाच्या चार चाकोऱ्या पडतात आणि मागच्या टायरांना पुन्हा नवी माती दाबावी लागते. झाकणाचेही तसेच: चिकट काळी माती झाकण आणि टायर यांच्यात घट्ट बसते, चाक घासू लागते. कपाशीच्या पट्ट्यात रोज शेतात जाणाऱ्या गाडीला झाकण लावू नये.

खेड्यापाड्यांत खरे नुकसान होते ते स्पेसर (चाक बाहेर सरकवायला हब आणि रिम यांच्यामध्ये बसवलेली चकती) आणि रुंद रिममुळे. रिमची हबवर बसणारी बाजू रिमच्या मध्यरेषेपासून किती मिमी बाहेर आहे, तो आकडा म्हणजे ईटी. ईटी 45 चे रिम काढून ईटी 25 चे बसवले की प्रत्येक चाक 20 मिमी बाहेर सरकते. रिम एक इंच रुंदही असेल तर बाहेरची कड सुमारे 33 मिमी बाहेर येते. 70 सेंमी उंचीच्या टायरसाठी 30 मिमी धरले, तरी पुढच्या दोन चाकांचे मिळून 0.042 चौ. मी. क्षेत्रफळ वाऱ्याला नव्याने सामोरे जाते, शिवाय बाजूचा प्रवाह विस्कटतो तो वेगळाच. बेअरिंगवर तिरपा भार येतो, स्टेअरिंग खड्ड्यात हिसका देते आणि स्पेसरमुळे नटाला बोल्टचे आटे कमी मिळाले तर चाक निखळू शकते. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करताही येत नाही.

स्पेसर वा रिम बसवण्याआधीचा आणि नंतरचा फरक मोजायचा असेल तर वारा पडलेल्या पहाटे, सरळ आणि रिकाम्या रस्त्यावर 80 च्या वेगाला गाडी न्यूट्रल करावी आणि 60 पर्यंत उतरायला लागणारा वेळ घ्यावा. इंजिन बंद करू नये, ब्रेक जड होतो. 1600 किलोच्या गाडीला साधारण 23 ते 25 सेकंद लागतात. हजार मीटरला एक मीटर चढ डोळ्यांना दिसत नाही, पण तो 16 न्यूटन रोध वाढवतो आणि स्पेसरचा परिणाम त्यात बुडून जातो. म्हणून दोन्ही दिशांना किमान तीन-तीन फेऱ्या घेऊन सरासरी काढावी. टायरमधली हवा आणि गाडीतला भार दोन्ही वेळा सारखाच हवा. हातातल्या घड्याळावर अर्ध्या सेकंदाहून कमी फरक आला तर तो धरू नये.