किती मीटर, किती वेळा

बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छे औद्योगिक भागातल्या छोट्या शेडमध्ये यंत्रं बहुधा खरेदीच्या क्रमाने बसत जातात. पहिली लेथ दाराजवळ, नंतरचं ड्रिलिंग तिच्या मागे, कर्ज काढून आणलेली व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग यंत्र) उरलेल्या कोपऱ्यात. जॉब, म्हणजे घडवायचा नग, मात्र स्वतःच्या क्रमाने फिरतो.

हे फिरणं कागदावर मोजता येतं. शेडचा नकाशा काढा, जॉबचा रस्ता पेन्सिलीने ओढा आणि दर दोन यंत्रांमधल्या अंतराला दिवसाच्या फेऱ्यांनी गुणा. 40 मीटरवर 2 फेऱ्या म्हणजे 80. 8 मीटरवर 60 फेऱ्या म्हणजे 480. डोळ्याला खुपतं ते 40 मीटर, पण आधी कमी करायचं ते 8 मीटरचं अंतर. मग कागदावरच दोन यंत्रांची अदलाबदल करून बघा आणि एकूण बेरीज घटली तरच ती ठेवा. सर्वांत उत्तम मांडणीचा हट्ट नको. 10 यंत्रं 10 जागांवर 36,28,800 प्रकारे बसतात. 30 जागांचं एक गाजलेलं कोडं 2000 साली सुटलं, तेव्हा शेकडो संगणक आठवडाभर राबले होते.

पण खरं नुकसान चालण्यात नाही, थांबण्यात आहे. पुढचं यंत्र लांब असलं की एकेक नग कोणी नेत नाही, ट्रॉली भरायची वाट बघतात. 50 चा लॉट होतो, पहिला नग उरलेल्या 49 साठी खोळंबतो आणि पुढच्या यंत्रापाशी पुन्हा रांगेत लागतो. अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला नियम इथे उपयोगी पडतो: शेडमधल्या एकूण नगांना रोज बाहेर पडणाऱ्या नगांनी भागलं की एका नगाचा सरासरी मुक्काम कळतो. आत 400 कास्टिंग (ओतीव नग) आणि रोज 40 तयार, म्हणजे 10 दिवस. यंत्रावरचं काम तासाभराचं असलं तरीही! तेवढे दिवस मालकाचा पैसा जमिनीवर पडून राहतो. शिवाय ड्रिलचं माप चुकलं तर ते 50 भोकं पाडून झाल्यावर कळतं. यंत्रं यू आकारात जवळजवळ लावली की नग हातोहात पुढे जातो आणि चूक दुसऱ्याच नगाला सापडते.

फाउंड्रीत अंतराची गाठ थेट धातूशी असते. एसजी आयर्न या चिवट ओतीव लोखंडात मॅग्नेशियममुळे ग्राफाइटच्या गोळ्या बनतात, पण तापलेल्या रसातून ते सतत उडून जातं. साधारण 10 मिनिटांत ओतकाम उरकलं नाही तर गोळ्या बिघडतात आणि कास्टिंगची ताकद जाते. म्हणून मॅग्नेशियम देण्याची जागा साच्यांच्या शक्य तितकी जवळ हवी.

फेटलिंग, म्हणजे कास्टिंगवरची वाळू आणि जादा धातू काढण्याचं काम, मात्र लांबच हवं. वाळूची बारीक धूळ लेथच्या स्लाइड खाते आणि माणसाच्या फुप्फुसात सिलिकोसिस करते, जो बरा होत नाही. तिथे वेगळी भिंत आणि धूळ ओढणारा पंखा लागतोच. ‘शेडमध्ये जागा नाही’ हे कारण या एका बाबतीत मला मान्य नाही.