अंबरनाथ की बदलापूर? आठ किलोमीटरमध्ये किती फरक पडतो

माझी मावसबहीण विक्रोळीत भाड्याच्या वन-आरकेमध्ये राहते. ती दादरला कामाला, नवरा नवी मुंबईत महापेला. मुलगी तिसरीत गेली, सासूबाई कायमच्या राहायला येणार, म्हणून आता घर बदलायचंच असं ठरलंय. मागच्या महिन्यात फोनवर म्हणाली, “ताई, अंबरनाथ-बदलापूरकडे बघतोय आम्ही. दोन्ही सारखंच ना गं? एक स्टेशन अलीकडे, एक पलीकडे.”

हा जोडशब्द मी वर्षानुवर्षं ऐकते. इस्टेट एजंट म्हणतात, बातम्यांत म्हणतात, लग्नाच्या स्थळांच्या चर्चेतही म्हणतात. त्याला कारण आहे. १९८३ साली कल्याण महापालिका झाली तेव्हा ही दोन्ही गावं तिच्यात होती, आणि १९९२ मध्ये दोन्ही एकदमच बाहेर पडली. एकीकडे अंबरनाथ नगरपरिषद झाली, दुसरीकडे कुळगाव-बदलापूर. बदलापूरकरांचं तहसील कार्यालय आजही अंबरनाथला आहे. पण मी आधी चार वर्षं अंबरनाथ पूर्वेला भाड्याने राहिले आणि गेली नऊ वर्षं बदलापुरात कात्रपला राहते. त्या जोरावर सांगते, ही दोन वेगळी गावं आहेत आणि त्यांत राहण्याचा रोजचा हिशोबही वेगळा आहे.

अंबरनाथ हे आधी कामाचं गाव होतं, राहण्याचं नंतर झालं. शिवमंदिर तर शके ९८२ चं, म्हणजे १०६० सालचं, शिलाहारांच्या काळातलं. पण आजचं गाव वाढलं ते कारखान्यांभोवती. विम्कोची काड्यापेटीची फॅक्टरी, पश्चिमेची ऑर्डनन्स फॅक्टरी, नंतर एमआयडीसी. त्यामुळे इथे पहिल्या पाळीला सायकलवरून, दुचाकीवरून कामावर जाणारी माणसं दिसतात. स्टेशनकडे धावणारे सगळेच नसतात. बदलापूरचं उलट आहे. उल्हास नदीकाठचं, जांभळांसाठी नावाजलेलं गाव. खरवई-माणकिवलीला एमआयडीसी आहे, पण आजचं शहर वाढलं ते मुंबई-ठाण्याला नोकरी करून इथे घर घेणाऱ्यांमुळे. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या ९८ हजारांच्या आत होती, २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजारांवर गेली. त्याच दहा वर्षांत अंबरनाथ २ लाख ४ हजारांवरून अडीच लाखांवर गेलं. अंबरनाथ आधीच भरलेलं होतं. बदलापूर आमच्यासारख्यांनी भरलं, आणि आम्ही सगळे सकाळी एकाच दिशेला निघतो.

म्हणून आधी लोकलबद्दल. बहिणीशी मी सर्वांत जास्त वेळ याच विषयावर बोलले.

सीएसएमटीपासून अंबरनाथ ६० किलोमीटर, बदलापूर ६८. आठ किलोमीटर म्हणजे गाडीत बसल्यावर जेमतेम दहा-बारा मिनिटं. कागदावर फरक एवढाच. पण बदलापूर, कर्जत, खोपोली या सगळ्या लोकल अंबरनाथला थांबतात आणि शिवाय अंबरनाथ लोकल वेगळ्या. म्हणजे बदलापूरकराची प्रत्येक गाडी अंबरनाथकराचीही असते, अंबरनाथकराची प्रत्येक गाडी बदलापूरकराची नसते. संध्याकाळी दादरला उभं राहून बघा. इंडिकेटरवर अंबरनाथ लागलं की आम्ही मागे सरकतो, आणि अंबरनाथच्या बायका पदर खोचून पुढे होतात. मग आमची गाडी येते ती दुप्पट भरलेली. रात्री उशिरा हा फरक आणखी बोचतो. एक गाडी चुकली की पुढच्या बदलापूर किंवा कर्जतची वाट बघत बसायचं, नाहीतर अंबरनाथपर्यंत येऊन तिथून रिक्षा शोधायची.

“पण बदलापूरला गाडी सुटते ना, बसायला मिळत असेल.” बहिणीचा हा प्रश्न बरोबर होता आणि इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. बदलापूरहून सुटणाऱ्या गाड्या आहेत, पण सुटणारी गाडी आधी मुंबईकडून येते. सकाळी तीच गाडी बदलापूरला लागते तेव्हा खिडकीच्या जागा आधीच गेलेल्या असतात, कारण अंबरनाथ-उल्हासनगरची माणसं डाऊन गाडीने उलटी येऊन बसलेली असतात. मी अंबरनाथला होते तेव्हा मीही तेच करायचे. पंचवीस मिनिटं लवकर निघायचं, उलटं बदलापूरला यायचं आणि तीच जागा धरून भायखळ्यापर्यंत जायचं. आता मी बदलापूरच्या फलाटावर उभी असते आणि आतल्या बायकांकडे बघते. राग येत नाही, त्यांची पाठ कशी दुखत असेल ते मला माहीत आहे. पण बदलापूरला घर घेतलं की बसून जाणार, हे कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. अंबरनाथहून सुटणाऱ्या गाड्याही आहेत. त्या तुमच्या वेळेला जुळल्या तर बसायची शक्यता तिथेही आहे.

कल्याणच्या पुढे दोनच रूळ, हे दोन्ही गावांचं सारखं दुखणं. आमच्या लोकल आणि पुण्याकडे, दक्षिणेकडे जाणाऱ्या मेल-एक्स्प्रेस त्याच दोन रुळांवरून जातात. एक मालगाडी अडली की सगळंच अडतं. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका होते आहे, दोघांच्या मधे चिखलोली स्थानकही यायचं आहे. होईल तेव्हा फार बरं होईल. पण जे अजून झालेलं नाही त्याच्या भरवशावर आज वीस वर्षांचं कर्ज काढू नये, मग ती मार्गिका असो, मेट्रो असो की नवा महामार्ग. साइट ऑफिसच्या भिंतीवरचा नकाशा बघताना प्रत्येक रेघेला विचारावं, ही आज आहे का?

आता नदी. बदलापूरचं खरं सुख नदीकडच्या, डोंगराकडच्या बाजूला आहे. पाऊस पडून गेला की गच्चीवरून चंदेरी किल्ल्याचा सुळका धुऊन काढल्यासारखा दिसतो. कोंडेश्वरचं देऊळ आणि धबधबा जवळ आहे. पोरांना घेऊन रविवारी कुठे जायचं, हा प्रश्न पडत नाही. अंबरनाथला हे एवढं नाही. आणि त्याच पैशात बदलापुरात साधारण एक खोली जास्त मिळते. सासूबाई येणार असतील तर ही खोली फार मोठी गोष्ट आहे.

पण उल्हास नदी दर काही वर्षांनी आपली हद्द दाखवून जाते. २६ जुलै २००५ ला दाखवली. २७ जुलै २०१९ ला तर बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं. त्या दिवशी बदलापूर पश्चिमेच्या सखल भागांत, हेंद्रेपाडा, रमेशवाडी, वालिवलीच्या बाजूला, पाणी घरांत होतं. आमच्याकडे कात्रपला पाणी आलं नाही, पण दोन कुटुंबं चार दिवस आमच्याकडे होती. त्यातल्या एका काकूंनी भिजलेली पासबुकं, रेशनकार्ड आणि मुलाची दहावीची मार्कलिस्ट आमच्या पंख्याखाली एकेक कागद सुटा करून वाळत घातली होती. प्रत्येक कागदावर वाटीने वजन ठेवलेलं. घर घेताना त्यांना कुणी पूररेषेबद्दल सांगितलं नव्हतं.

म्हणून हे नीट समजून घ्या. निळी पूररेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची पातळी, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. नदी आणि निळ्या रेषेच्या मधे बांधकामाला बंदी, निळ्या आणि लाल रेषेच्या मधे अटी घालून परवानगी. बदलापुरात फ्लॅट बघताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, ही इमारत रेषेच्या कुठल्या बाजूला आहे? बिल्डरला विचारा, नगरपरिषदेत जाऊन नकाशा बघा आणि समोरच्या जुन्या किराणा दुकानदाराला विचारा की २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं. तिसरं उत्तर बहुधा सगळ्यात लवकर मिळतं. तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो.

अंबरनाथला उल्हास नदी नाही, वालधुनी आहे. शिवमंदिराला लागून वाहते. मोठ्या पावसात तीही भरते, पण तिचं मोठं दुखणं म्हणजे रसायनं. एमआयडीसी जवळ असण्याची ही किंमत आहे. काही रात्री उग्र वास येतो, खिडक्या लावून घ्याव्या लागतात. घरात दम्याचं माणूस असेल तर मी कारखान्यांच्या बाजूला घर घ्यायचा सल्ला देणार नाही, मग ते कितीही स्वस्त मिळो. फ्लॅट बघायला दुपारी जाऊ नका, रात्री दहानंतर जा आणि पंधरा मिनिटं गॅलरीत उभे राहा.

पिण्याच्या पाण्याबाबत दोन्हीकडे महाराष्ट्र जीवन प्राधिकरण आणि बरंचसं पाणी बदलापूरच्या बॅरेज बंधाऱ्यावरून, उल्हास नदीचंच. अंबरनाथला चिखलोली धरणाचं थोडं मिळतं. बारवी धरण बदलापूरला खेटून आहे, पण त्याचं पाणी एमआयडीसीमार्फत थेट मिरा-भाईंदरपर्यंत जातं. ते उशाला असूनही आमच्या नव्या सोसायट्यांत टँकर येतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. घर बघताना सोसायटीच्या वॉचमनला विचारा, मे महिन्यात टँकर किती येतात. मेन्टेनन्सच्या पावतीतही तो खर्च दिसतो.

शाळा दोन्हीकडे पुरेशा आहेत, त्यावरून निवड करू नये. दवाखान्यांत अंबरनाथ थोडं पुढे आहे, तिथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही झालं आहे. मोठ्या आजाराला मात्र दोघांनाही कल्याण-डोंबिवली किंवा ठाणं गाठावं लागतं. उन्हाळा बदलापूरला जास्त. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो आणि वरच्या मजल्यावरचं घर रात्रीही निवत नाही.

एवढं सगळं झाल्यावर बहीण म्हणाली, “मग तू सांग ना, कुठे घेऊ?” मी तिला एकच विचारलं, तुमच्या दोघांत उशिरा घरी कोण येतं? तीच येते, महिन्याच्या शेवटी अकरा वाजतात. आणि नवऱ्याचं महापे अंबरनाथहून काटई-शिळफाटामार्गे दुचाकीच्या टप्प्यात आहे. बदलापूरहूनही जाता येतं, पण रोजचे जाता-येता ते जास्तीचे किलोमीटर पावसाळ्यात अंगावर येतात. तिच्या जागी मी अंबरनाथ पूर्व बघितलं असतं, स्टेशनच्या चालत्या अंतरावर, कारखान्यांपासून लांब, एक खोली कमी असली तरी. तिची वेळ ठरलेली असती, नऊ-साडेसहाची नोकरी असती आणि नवराही लोकलनेच जाणारा असता, तर मी तिला बिनदिक्कत बदलापूर सांगितलं असतं, माझ्या शेजारची इमारत सांगितली असती.

आणि घेण्याआधी अकरा महिने भाड्याने राहा, असं मी दोनदा सांगितलं. विकत घेतलेलं घर हलवता येत नाही, भाड्याचं सोडता येतं. त्या अकरा महिन्यांत एक पूर्ण पावसाळा आणि एक मे महिना यायलाच हवा. तिला हे पटलं, नवऱ्याला नाही. त्याच्या मते भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा. मी त्याच्याशी वाद घातला नाही, जुलैतल्या एका सोमवारी बायकोसोबत दादरहून संध्याकाळची अंबरनाथ लोकल पकडायला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी बदलापूरची.

परवा दोघं जाऊन आले. पहिल्या दिवशी तो तिला अंबरनाथला उतरवून घेऊ शकला. दुसऱ्या दिवशी ती लेडीजमध्ये चढली, त्याला गाडीत शिरताच आलं नाही. ती बदलापूरच्या फलाटावर पाऊण तास माझ्यासोबत चहा पीत त्याची वाट बघत बसली होती. तो पुढच्या गाडीने आला तेव्हा शर्ट पूर्ण भिजलेला, आणि पहिलं वाक्य होतं, “ताई, अंबरनाथला भाड्याने टू-बीएचके साधारण कितीला मिळेल?”